उठायला तयार नसलेली अंडी

आमच्या घरात पुढून आलात तर आधी माझं चष्म्यांचं दुकान लागतं, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे धाकट्या भावाची माशांची खोली. तिथे भिंतीला लागून काचेच्या टाक्या, टाक्यांवर दिवे आणि अखंड चाललेली पंपांची गुरगुर. नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आत कुणी घोरतंय का हो?" मी म्हणते, "भाऊ आहे माझा. जागेपणी घोरतो." भाऊ शोभेचे मासे वाढवून विकतो. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिघांत तोंडाने फटकळ मीच, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

भावजयीचं सगळं काम एकाच प्रथिनावर चालतं. खाऱ्या पाण्यात नखाएवढी एक कोळंबी असते. दिवस वाईट येणार अशी चाहूल लागली की तिची मादी जिवंत पिल्लं सोडायचं थांबवते आणि कवचातली अंडी सोडते. तपकिरी, पिठासारखी बारीक अंडी. आतला गर्भ थोडासा वाढून जागच्या जागी थांबतो, आणि मग वर्षानुवर्षं थांबूनच राहतो. त्याला वाळवा, गोठवा, त्याची हवा काढून घ्या, तो काही मरत नाही. कारण त्याच्याजवळ ते प्रथिन ठासून भरलेलं असतं.

हे तिने मला एकदा नाश्त्याच्या वेळी समजावलं होतं. उकडलेलं अंडं हातात धरून म्हणाली, "ताई, हे पांढरं परत पातळ होईल का?"

"काहीतरीच काय!"

"का नाही? कारण उष्णतेने आतली प्रथिनं उलगडली आणि एकमेकांत अडकली. गुंता झाला. आमच्या गर्भातलं प्रथिन काय करतं, तर बाकीच्यांना धरून ठेवतं. गुंता होऊच देत नाही. संकट टळलं की सोडून देतं."

"थोरल्या बहिणीसारखं," मी म्हणाले.

"थोरली बहीण सोडून कधी देते?" भाऊ म्हणाला, आणि माझ्या ताटातला पाव उचलून पसार झाला.

गंमत अशी की तीच अंडी भावालाही लागतात. माशांच्या नवजात पिल्लांना दुसरं काही खाता येत नाही. तोंड टाचणीच्या टोकाएवढं, आणि हलणारं दिसल्याशिवाय ती ते उघडतही नाहीत. म्हणून भाऊ कोळंबीची अंडी मिठाच्या कोमट पाण्यात घालतो, खालून हवा सोडतो, वरून दिवा लावतो. दुसऱ्या दिवशी त्यातून नारिंगी ठिपके पोहत बाहेर येतात, आणि ते पिल्लांच्या पोटात जातात. भावजय मात्र अंडी वाटते, तो काढा तापवते, बाकीची प्रथिनं गोठून खाली बसली की वर शाबूत राहिलेलं तिचं लाडकं प्रथिन काढून घेते. एकाच जिवावर दोघांचा संसार चाललेला, पण त्याची अंडी दुकानातल्या डब्यातली आणि तिची प्रयोगशाळेतली. शिवाय माशांच्या वासाने तिला मळमळतं. लग्न ठरतानाच ठरलं होतं, की ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही आणि तो तिच्या प्रयोगशाळेला नावं ठेवणार नाही. दोघांनी शब्द पाळला होता. त्याचा परिणाम काय होणार हे मात्र तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता पाहुण्यांबद्दल सांगते. भावाच्या सर्वांत मोठ्या टाकीत निळ्या माशांची एक जोडी होती. तिला आम्ही पाहुणे म्हणायचो, कारण आली तेव्हापासून दोघं खात होती, रुसत होती आणि यजमानाच्या मनासारखं काहीएक करत नव्हती. ही जात घरात अंडी घालत नाही असं त्याला सगळ्या मासेवाल्यांनी सांगितलं होतं. म्हणून तर त्याने हट्ट धरलेला. पाणी बदल, दिवा बदल, पानं बदल, पाहुण्यांना पडदा लाव, पडदा काढ. मी त्याला म्हणायचे, "एवढी बडदास्त माझी ठेवली असतीस तर मीही अंडी घातली असती." तो हसायचा नाही. या एका बाबतीत त्याला थट्टा चालत नसे, आणि मला ते उशिरा समजलं.

आणि मग या वर्षी पाहुण्यांनी अंडी घातली. नुसती घातली नाहीत, ती फुटली. भाऊ दुकानात धावत आला तेव्हा मी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. त्याने माझा हात धरून मला ओढतच नेलं. पानाच्या मागच्या बाजूला काचेच्या शेपट्या वळवळत होत्या, प्रत्येकीला पोटाशी बलकाची पिशवी. "पिशवी संपेपर्यंत ती इथेच चिकटून राहणार," भाऊ म्हणाला, "मग पोहायला लागतील. पोहायला लागली की लगेच खायला हवं, ताई. दिवसभर कशीबशी तगतील. त्यापुढे नाही." त्याने माझा हात अजून सोडला नव्हता. आजोबा बाहेर अर्ध्या चष्म्याने बसलेले, पण मला त्याला सोडून जाववेना.

खायला घालायचं म्हणून त्याने कोळंबीच्या अंड्यांचा डबा उघडला, तर आत ढेकळं. झाकण नीट लागलं नव्हतं आणि त्या दमट खोलीत सगळं ओल धरून बसलं होतं. तरी त्याने भिजवून पाहिलं. वास मारणारं तपकिरी पाणी, बस. दुकानदाराला फोन केला तर माल पुढच्या आठवड्यात येणार होता. ओळखीच्या मासेवाल्यांपैकी एकाकडे नव्हता, आणि दुसऱ्याने फोन उचलला नाही. भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी भावजय घरी आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि पर्स खाली ठेवायच्या आत म्हणाली, "एवढंच ना? माझ्याकडे बरणी भरून आहेत. परवाच मिठागरवाल्याने आणून दिली. एकदम ताजी. पाण्यावरून उचलली ती तशीच दिली. तुझ्या त्या डब्यातल्या शिळ्या अंड्यांना त्यांची सर येणार नाही."

भावाने तिला तिथेच उचलून एक गिरकी मारली. मी चहा टाकला. ताज्या वस्तूवर आमच्या घरात सगळ्यांचाच विश्वास, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

अंडी आली. भावाने ती जिवापाड जपून भिजवली. मीठ मोजून, पाणी कोमट, हवा मंद, दिवा बरोबर वर. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अंडी जशीच्या तशी, पाण्यात गरगर फिरतायत. वेळ लागत असेल म्हणून थांबला. तरी काही नाही. पाणी बदलून नवी भिजवली. दिवा जवळ आणला. तीही फिरत राहिली. इकडे पानावरच्या पिल्लांच्या पिशव्या दिसामाजी बारीक होत चाललेल्या. भाऊ जेवेना, बोलेना, खोलीतून बाहेर येईना.

शेवटी स्वयंपाकघरात ठिणगी पडली. "मेलेली अंडी दिलीस मला," तो म्हणाला.

भावजयीच्या हातातला चमचा थांबला. "मेलेली? माझी अंडी? ती उकळत्या पाण्यातही टिकणारं प्रथिन घेऊन बसलेली आहेत, तुझ्या कोमट पाण्यात कशाला मरतील? तुझ्या पाण्यातच काहीतरी असेल."

"आयुष्यभर हेच करतोय मी. पाण्यात काही नाहीये."

"मीही आयुष्यभर हेच करतेय!"

"तू काय करतेस? तू वाटतेस त्यांना! एक तरी अंडं फुटलेलं पाहिलंयस का कधी?"

तिने चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता रडणार, पण तिच्या चेहऱ्यावर भलतंच काही उमटलं होतं. आपल्याच घरातली एखादी खोली आपण कधी उघडलीच नाही हे लक्षात यावं, तसं. "नाही," ती हळूच म्हणाली. "एकही नाही."

आता मध्ये पडणं भागच होतं. "तुम्ही दोघं डोळ्यांना लावायला माझ्याकडून भिंगं न्या," मी म्हणाले, "आणि भांडायचं ते पिल्लं जगल्यावर भांडा." भाऊ तोंड फुगवून आत गेला. भावजयीने त्याच्या भांड्यातली चमचाभर अंडी एका छोट्या बाटलीत घेतली, पायात चपला सरकवल्या आणि सुट्टीचा दिवस असूनही प्रयोगशाळा गाठली. जाताना एवढंच म्हणाली, "मेलेली आहेत की नाहीत, ते माझं प्रथिनच सांगेल."

मी दुकान उघडलं खरं, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाईंना जवळचा नंबर लांबच्या काचेत देऊन बसले आणि वर त्यांनाच रागावले. मला भावाचीच काळजी होती असं नाही. दोघांचीही होती. ही दोघं भांडली की घरात पंपांचा आवाज मोठा वाटायला लागतो.

दुपार कलल्यावर ती आली. हातात औषधाच्या दुकानातली बाटली, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. सरळ दुकानातूनच ओरडली, "मेलेली नाहीत! ताई, त्याला बोलवा!"

भाऊ आला. तिने फोनवर एक चित्र दाखवलं. जेलीसारख्या पातळ वडीवर निळे आडवे पट्टे, शेजारी शेजारी दोन रांगा. "एकेक पट्टा म्हणजे एकेक प्रथिन. ही रांग बरणीतल्या अंड्यांची. ही तुझ्या भांड्यात भिजलेल्यांची. हा जाड पट्टा माझ्या प्रथिनाचा. दोन्हीकडे सारखाच आहे, बघ. मेली असती तर सडून सगळ्याच पट्ट्यांचा चिखल झाला असता. आणि वाढायला लागली असती तर हा पट्टा हळूहळू विरत गेला असता, कारण जागं झाल्यावर गर्भ ते प्रथिन मोडून टाकतो. म्हणजे ती मेलीही नाहीत आणि उठलीही नाहीत. ती झोपलीयत."

"भिजल्यावर उठायला हवीत ना पण?" भाऊ म्हणाला.

तिने कपाळावर हात मारून घेतला. "हेच तर! मी दर लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिते हे. दर लेखात! आईच्या पोटातून बाहेर पडलेलं ताजं अंडं कितीही चांगलं पाणी मिळालं तरी उठत नाही. त्याची झोप आतून लागलेली असते. आधी ते चांगलं वाळायला हवं, गारठायला हवं, हाल व्हायला हवेत त्याचे. वाईट दिवस येऊन गेले असं कळलं की मगच ते पाण्याची वाट बघायला लागतं. तुझी डब्यातली शिळी अंडी वाळवलेली असतात. म्हणून ती उठतात. मी तुला सगळ्यांत ताजी दिली. म्हणजे सगळ्यांत गाढ झोपलेली."

भावाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला हसू आवरेना. घरातल्या दोन तज्ज्ञांनी मिळून एक घोळ घातला होता आणि तो निव्वळ प्रेमापोटी घातला होता.

"मग वाळवू या," तो म्हणाला.

"वाळवून, गारठवून कित्येक आठवडे जातील. तेवढा वेळ नाही." तिने बाटली पुढे केली. जखम धुवायचं औषध होतं ते, लावलं की फेस येतो ते. "हे फार पातळ करून थोडा वेळ लावलं तर काही अंडी उठतात, असं लोकांनी करून पाहिलंय. किती पातळ, ते आपल्या मिठागरातल्या अंड्यांवर कुणी पाहिलेलं नाही. जास्त झालं तर मात्र खरंच मरतील."

"तू मोज," भाऊ म्हणाला. "मी धुतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग बाह्या सरसावल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार वाट्या मांडल्या, प्रत्येकीत औषध वेगवेगळं पातळ केलं, प्रत्येकीत अंडी टाकली. बारीक बुडबुडे उठले. ती "काढ" म्हणाली की भाऊ कापडाच्या गाळणीत अंडी ओतून नळाखाली खळखळून धुवायचा. भांडण कुठे गेलं ते दोघांनाही आठवत नसावं. मी आपली मिठाचं पाणी कोमट करत बसले, आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की मी कुणाला एक शब्दही टोचून बोलले नाही.

सकाळी पिल्लं पोहायला लागली. काचेसारखी, डोळे तेवढे काळे, पानाभोवती घोळक्याने फिरत होती. पाण्यात एखादा कण दिसला की वळायची, तो हलत नाही म्हटल्यावर सोडून द्यायची. त्यांची पोटं आत गेलेली दिसत होती. पाहुणे मोठ्या ऐटीत पहारा करत होते. भाऊ स्टूल घेऊन टाकीसमोर बसला. वाट्यांमधली अंडी चार वेगळ्या बाटल्यांत फिरत होती, आणि दुपारपर्यंत चारांतही काही नव्हतं. तो उठून बाटल्यांपाशी यायचा, परत स्टुलावर जायचा. घोळक्यातली काही पिल्लं मागे पडायला लागली होती. त्याने मला ती बोटाने दाखवली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि कधी नव्हे तो त्याने तो राहू दिला.

ऊन उतरता उतरता तिसऱ्या बाटलीत दिव्याच्या बाजूला पाणी गढूळ दिसायला लागलं. भाऊ वाकला. "अगं," तो एवढंच म्हणाला. मग जोरात, "अगं, ये लवकर!"

भावजय स्वयंपाकघरातून धावली आणि उंबऱ्यावर थबकली. मग नाकावर हात दाबून तिने माशांच्या खोलीत पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकेपर्यंत नाकावरचा हात खाली आलाही होता. काचेला लागून एक नारिंगी ढग तयार झाला होता आणि तो थरथरत होता. मी खिशातलं भिंग तिच्या हातात दिलं. दुकानातलं, सर्वांत चांगलं.

ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. "ताई," ती म्हणाली, "हे हात मारतायत."

"पोहणार म्हणजे हात मारणारच."

"तसं नाही हो. एकच डोळा आहे. लाल. आणि हात मारत मारत उजेडाकडे चाललेत. प्रत्येक जण." तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही. "आता त्यांच्यात ते प्रथिन टिकणार नाही. परत कधी बनतही नाही. उठले, म्हणजे आता असेच, उघडे."

भाऊ गाळणी हातात घेऊन उभा होता. टाकीत पिल्लं सकाळपासून उपाशी, त्याच्या इतक्या वर्षांच्या जिद्दीचा सगळा जीव त्या बाटलीत, आणि तरीही तो तिला 'लवकर कर' म्हणाला नाही. माझ्या भावाचा मला जितका अभिमान त्या क्षणी वाटला, तितका पूर्वी कधी वाटला नव्हता.

"सगळे लागतील?" तिने विचारलं.

त्याने बाटलीकडे पाहिलं. ढग छोटा होता, बाकी अंडी झोपूनच होती. सगळे दिले तरच जेमतेम पुरले असते, हे मलासुद्धा कळत होतं. "तुला थोडे ठेवायचेत का?" तो म्हणाला. "ठेव ना. बाकीचे पुरवून वापरतो मी."

तिने टाकीकडे पाहिलं. एक पिल्लू काचेपाशी आलं होतं, पोट खपाटीला गेलेलं, आणि पुढ्यातल्या एका निर्जीव कणाकडे डोळे लावून बसलं होतं. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंग मला परत दिलं आणि भावाच्या हातातली गाळणी घेतली.

"कसं करायचं ते सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. तिने उजेडाकडचं पाणी हळूच गाळलं, गाळणीतले ठिपके गोड्या पाण्याने धुतले, आणि गाळणी टाकीत उलटी केली. नारिंगी ठिपके पसरले, हात मारत निघाले. घोळका वळला. पहिल्या पिल्लाने अंग आक्रसलं, ते झेपावलं, आणि त्याच्या काचेसारख्या पोटात एक नारिंगी टिंब दिसायला लागलं. मग दुसऱ्याच्या. मागे पडलेली तीही पुढे आली. बघता बघता सगळ्या घोळक्याची पोटं नारिंगी झाली आणि आतून दिवा लावल्यासारखी दिसायला लागली. भाऊ स्टुलावर बसून हसत होता आणि रडत होता. मी त्याला टपली मारली, कारण नाहीतर मीही रडले असते.

भावजय टाकीला नाक लावून उभी होती. मळमळ वगैरे काही नाही. गाळणीत एकही ठिपका उरला नव्हता.

"उद्याची मी भिजवते," ती म्हणाली. "मला परत बघायचेत."